टॉवरला भिऊ नकोस, मोजणी माग

छोटी, समोरच्या गच्चीवर टॉवर उभा झाल्यापासून तू त्या बाजूची खिडकी उघडतच नाहीस, बाळालाही मागच्या खोलीत झोपवून राहिलीस, असं आई सांगत होती. काळजी वाटणारच गं, लेकराचा प्रश्न आहे. पण खिडकी लावून मनाची समजूत होते, घरात लहरी किती येतात ते कळत नाही. ते कळून घ्यायची सोय आहे, आणि ती मुंबईवाल्यांइतकीच भंडाऱ्यातल्या माणसालाही आहे.

आधी त्या टॉवरकडे नीट बघ. लोक भितात ते त्या गोल ढोलांना. पण ते ढोल एका टॉवरचं दुसऱ्या टॉवरशी बोलणं चालवतात. त्यांचा झोत बारीक असतो आणि थेट पलीकडच्या टॉवरकडे जातो. आपल्या फोनशी बोलतात त्या उभ्या, लांबुळक्या पेट्या. त्या बहुधा तीन दिशांना तोंड करून, किंचित खाली झुकवून बसवतात. त्यांचा मुख्य झोत आडवा, लांबवर जातो. म्हणून ऐन टॉवरखाली पुष्कळदा कमीच भरतं, दिव्याखाली अंधार म्हणतात तसं. ज्याच्या गच्चीवर टॉवर आहे त्याच्यापेक्षा समोरच्या, तेवढ्याच उंचीवरच्या माळ्यावर जास्त येऊ शकतं. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की तीव्रता चौथाईवर येते. तेव्हा तुझी खिडकी किती उंचीवर आणि पेटीचं तोंड कुणीकडे, एवढं आधी पाहून ठेव.

ऑनलाइन मिळणारं स्वस्तातलं मीटर मात्र मागवू नकोस. हातातल्या फोनचीच लहर पकडून त्यातला आकडा उड्या मारतो आणि जीव उगाच टांगणीला लागतो. दूरसंचार विभागाचं ‘तरंग संचार’ हे संकेतस्थळ 2017 साली सुरू झालं. त्यावर आपल्या आसपासचे टॉवर दिसतात आणि 4000 रुपये भरून आपल्या जागेची मोजणी मागता येते. रक्कम थोडी नाही. शेजारच्या घरांना सोबत घे, वर्गणी काढा. आकडा कशाशी ताडायचा तेही सांगते. 1 सप्टेंबर 2012 पासून आपल्याकडे आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या दहाव्या हिश्श्याची मर्यादा लागू झाली: 900 मेगाहर्ट्‌झला चौरस मीटरमागे 0.45 वॅट, 1800 ला 0.9.

नुसत्या सह्यांच्या अर्जावर विसंबू नकोस. सांगली जिल्ह्यातल्या चिखलहोळ ग्रामपंचायतीनं टॉवरविरुद्ध ठराव केला होता. मुंबई उच्च न्यायालयानं 2022 मध्ये तो रद्द केला, कारण धोक्याचा शास्त्रीय पुरावाच समोर नव्हता.

आणि खरं सांगू? मला टॉवरपेक्षा तुझ्या उशाखालच्या फोनचं जास्त वाटतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं 2011 मध्ये रेडिओ लहरींना ‘कर्करोगकारक असण्याची शक्यता’ या गटात घातलं, ते मुख्यतः कानाला फोन लावून बोलणाऱ्यांच्या अभ्यासांवरून; तो पुरावाही मर्यादित असल्याचं त्यांनीच म्हटलं. टॉवरच्या क्षीण लहरींनी आजार होतो असा पटण्याजोगा पुरावा नाही, असं संघटनेनं 2006 मध्ये सांगितलं होतं. शिवाय रेंजची एकच दांडी असली की फोन जास्त जोर लावतो. म्हणजे टॉवर हाकलला, तर तुझ्या कानापाशीच वाढायचं! रात्री फोन पलंगापासून दूर ठेव, लांबलचक गप्पा स्पीकरवर मार. बाळाला मांडीवर घेऊन तर फोन नकोच.

मोजायला माणसं आली की बाळाच्या पाळण्यापाशी आणि गच्चीवर, दोन्हीकडे मोजायला लाव. खिडकी उघडी ठेव, घरातले फोन आणि वायफाय बंद कर. संध्याकाळी सगळे फोनवर असतात, जमल्यास तीच वेळ माग. कोणत्या बँडला किती भरलं आणि त्याची मर्यादा किती, हे दोन्ही लेखी घे, आणि त्या कागदाचा फोटो मला पाठव.