भात कधी पिकेल? तापमानाच्या बेरजेचा एक धडा



पिकाची वाढ गणिताने आधी सांगता येते, ही कल्पना जुनी आहे. फ्रान्सचे शास्त्रज्ञ रेओम्यूर यांनी १७३५ मध्ये दाखवून दिले की, पीक तयार व्हायला किती दिवस गेले यापेक्षा त्या दिवसांत एकूण किती ऊब मिळाली, हे महत्त्वाचे असते.

रीत सोपी आहे. दिवसाचे कमाल व किमान तापमान मिळवून दोनाने भागावे आणि त्यातून १० अंश वजा करावेत, कारण त्याखाली भाताची वाढ जवळजवळ थांबते. कमाल ३१ आणि किमान २३ असेल, तर सरासरी २७ आणि त्या दिवसाची जमा १७. किनाऱ्याजवळ एखादे निमगरवे भात १२० दिवसांत तयार होत असेल, तर त्याची एकूण गरज २,०४०. आजची ओरायझा, डीएसएसएटी यांसारखी संगणकीय प्रारूपे ऊन, पाणी व नत्रही हिशेबात धरतात. पण तापमानाची ही बेरीज त्यांच्याही मुळाशी आहे.

हे गणित मी जव्हारकडच्या एका पाड्यावर वापरले आणि चुकलो. पेरणी २० जूनची. किनाऱ्याचे तापमान धरून मी कापणीची तारीख सांगितली १८ ऑक्टोबर. त्या भरवशावर एका कुटुंबाने वीटभट्टीची उचल घेतली आणि नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात येतो, असा शब्द दिला. जायची वेळ आली तरी शेत हिरवेच होते.

चूक कुठे झाली? जव्हार सुमारे साडेचारशे मीटर उंचीवर आहे. हजार मीटर चढले की हवा साधारण ६ अंशांनी थंड होते. म्हणजे तिथे जवळपास ३ अंशांचा फरक पडतो. रोजची जमा १७ नव्हे, १४. आता २,०४० ला १४ ने भागा. सुमारे १४६ दिवस, म्हणजे १३ नोव्हेंबर!

त्यांनी कच्चेच भात कापले. दाणे पोचट, खडूसारखे पांढरे; गिरणीत निम्म्याची कणी झाली. घरातली आजी मला एवढेच म्हणाली, "भाऊ, तुमचा कागद पिकला, आमचं भात राहिलं."

आता आम्ही दोन गोष्टी पाळतो. पाड्यावरच, सावलीत, कमाल-किमान तापमापक टांगला आहे आणि शाळेतली मुले रोज नोंद ठेवतात. दुसरे, भात निसवले की तारीख पुन्हा तपासतो. निसवल्यानंतर दाणा भरून पिकायला साधारण ३० दिवस लागतात. बेरीज आणि शेत यांचा मेळ बसला नाही, तर आम्ही शेताचे ऐकतो.

उचल घेण्याआधी आता लोक विचारायला येतात, "भाऊ, बेरीज किती झाली?" मी वही उघडतो, पण उत्तर देण्याआधी त्यांच्याबरोबर बांधावर जातो.