मातृत्वानंतरचा व्यवसायबदल : आजची सोय आणि उद्याचा हुद्दा

मूल वर्ष-दीड वर्षाचे होऊन घराचा दिनक्रम पुन्हा मार्गी लागला, म्हणजे पूर्वी नोकरी करीत असलेल्या, किंवा पदवी घेऊनही नोकरीवर कधी रुजू न झालेल्या तरुण मातेच्या मनात उद्योगाचा विचार नव्याने उद्भवतो. आणि त्याच सुमारास तिच्या माहेरच्या व सासरच्या वडीलधाऱ्यांनाही 'आता हिचे पुढे कसे व्हावयाचे' ही चिंता ग्रासू लागते. खानदेशातून सुरतेस येऊन उधना, लिंबायत, डिंडोली, पांडेसरा या भागांत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांपुढे हा प्रश्न निराळ्या स्वरूपात उभा राहतो, कारण या उद्यमशील नगरीत हाताला काम मिळणे दुर्घट नाही. दुर्घट आहे ते पुढे नेणारे काम निवडणे.

साड्यांना लेस व टिकल्या लावणे, वाढलेले धागे कापणे अशी कामे येथे घरबसल्या मिळतात, मेहनताना नगावारी ठरतो आणि मूल डोळ्यांसमोर राहते. परिश्रमाने मिळविलेला प्रत्येक पैसा प्रतिष्ठेचाच असतो, त्यामुळे अडचणीच्या काळात असे काम पत्करणाऱ्या स्त्रीला कोणी कमी लेखू नये. परंतु आयुष्याचा व्यवसाय म्हणून त्याकडे पाहिले असता ध्यानात येते की, दहा वर्षांच्या अनुभवानेही या कामाचा दर फारसा चढत नाही, त्या अनुभवाचा दाखला कोणी देत नाही आणि बाजारात मंदी आली की घरी येणारा माल आटतो. मूल मात्र वाढतच असते. ते बालवाडीत जाते, मग शाळेत जाते, आणि आईची मोकळीक वर्षागणिक वाढत असताना तिने निवडलेले काम जेथल्या तेथे राहते. म्हणूनच व्यवसाय निवडताना 'आज मुलाला सांभाळून काय जमेल' एवढाच विचार न करता, 'मूल दहा वर्षांचे होईल तेव्हा मी कोणत्या योग्यतेस पोहोचलेली असेन' हा निकष प्रधान मानावा, असे माझे निश्चित मत आहे.

वय उलटले, आता शिक्षण कसले, ही शंका ज्यांना छळते त्यांनी आपल्याच इतिहासाकडे पाहावे. डॉ. रखमाबाई १८९४ साली लंडनमध्ये वैद्यकीय शिक्षण पुरे करून परतल्या आणि तिशीत सुरतेच्या स्त्रियांच्या रुग्णालयात रुजू झाल्या. पार्वतीबाई आठवले तर एका लहान मुलाच्या आई असताना विधवा झाल्या, अण्णासाहेब कर्वे यांच्या आश्रमात शिकल्या, तेथेच कार्यकर्त्या झाल्या आणि पंचेचाळिशी उलटल्यावर इंग्रजी शिकण्यासाठी अमेरिकेस गेल्या. खुद्द सुरतेत बाजीगौरी मुनशी व शिवगौरी गज्जर या दोन विधवा स्त्रियांनी १९०७ साली वनिता विश्राम स्थापिला, आणि त्याच संस्थेच्या छत्राखाली २०२१ पासून स्त्रियांचे स्वतंत्र विद्यापीठ चालू आहे.

आता प्रत्यक्ष मार्गांकडे वळू. ज्यांची दहावी-बारावी अपुरी राहिली त्यांना राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचे द्वार खुले आहे. तेथे कमाल वयाची अट नाही आणि दहावीची परीक्षा मराठी किंवा गुजराती माध्यमातून देता येते. पदवीसाठी इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ व अहमदाबादचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर मुक्त विद्यापीठ यांचा विचार करावा. वाणिज्य शाखेच्या पदवीधर मातांनी हिशेबाच्या कामाकडे अवश्य लक्ष द्यावे, कारण १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर लागू झाल्यावर रिंग रोडच्या कापड बाजारातील लहान व्यापाऱ्यालाही मुदतीत विवरणपत्रे भरणे प्राप्त झाले आहे, आणि हे काम शिकलेली स्त्री प्रारंभी दोन-चार पेढ्यांचे दप्तर अर्धवेळ सांभाळून पुढे स्वतंत्र व्यवसाय उभारू शकते. मात्र त्यासाठी गुजराती वाचता-लिहिता येणे अपरिहार्य समजावे. शिक्षिका होऊ इच्छिणारीने लक्षात ठेवावे की बी.एड. हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम असून दूरशिक्षणाने तो शिक्षक-प्रशिक्षण आधीच घेतलेल्यांनाच करता येतो. म्हणून 'घरबसल्या बी.एड.' अशा जाहिरातीला भुलून शुल्क भरण्यापूर्वी मान्यतेची खातरजमा करावी. परिचारिकेचे शिक्षणही प्रत्यक्ष रुग्णालयात उभे राहूनच घ्यावे लागते, तेव्हा त्याची तजवीज मूल शाळेत जाऊ लागल्यावर करणे श्रेयस्कर. विज्ञानात उच्च शिक्षण घेऊन खंड पडलेल्या स्त्रियांसाठी केंद्र सरकारच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाच्या स्वतंत्र योजना आहेत, त्यांचा तपशील जरूर पाहावा.

नोकरीत असलेल्या गर्भवती स्त्रीने उतावीळपणे राजीनामा देऊ नये. मातृत्व लाभ कायद्याच्या २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांच्या भरपगारी रजेची आणि पन्नास वा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत पाळणाघराची तरतूद झाली आहे. व्यवसाय बदलावयाचा असला तरी हा अवधी विचारासाठी व पूर्वतयारीसाठी हाती असतो. अद्याप शिकत असलेल्या मुलींनीही गुणपत्रिका, प्रमाणपत्रे व अनुभवाचे दाखले आपल्या स्वतःच्या ताब्यात जपून ठेवावेत. लग्नानंतर एका राज्यातून दुसऱ्या राज्यात गेल्यावर नावातील बदल आणि हरवलेले कागद यांपायी प्रवेशाची मुदत टळते.

तथापि यांपैकी कोणताही मार्ग एकट्या मातेच्या निर्धाराने तडीस जाणारा नाही. ती अभ्यासाला बसेल ते दोन तास मूल कोणी सांभाळावयाचे, शुल्क कोणाच्या मिळकतीतून जावयाचे, परीक्षेच्या महिन्यात स्वयंपाक कोणी पाहावयाचा, याची मसलत पती, सासूबाई व माहेर यांनी प्रारंभीच करून प्रत्येकाचा वाटा ठरवावा; 'पुढे बघू' म्हणून मोघम सोडलेल्या गोष्टीचा भार अखेर तिच्याच माथी येतो आणि अभ्यास मध्येच सुटतो. मुलीच्या लग्नासाठी वर्षानुवर्षे पैसा साठविणाऱ्या आईवडिलांना माझी कळकळीची विनंती आहे की, त्यांतील काही रक्कम तिच्या मातृत्वानंतरच्या शिक्षणासाठी तिच्याच नावे राखून ठेवावी, आणि ती मागावयास येण्यापूर्वी तिच्या हाती द्यावी.