केमिस्टची पहिली नोकरी खारबावहून शोधताना

बी.एस्सी. केमिस्ट्री झाल्यावर एकच बायोडेटा डोंबिवली, अंबरनाथ, तारापूर, रबाळे असा सगळीकडे टाकायचा आणि कुठून बोलावणं आलं नाही की स्वतःला कमी लेखायचं, ही चूक आपल्या भागात फार होते. माझ्या मते कमी पडतो तो नेम. तारापूरच्या औषध कंपन्यांना क्यूसीत एचपीएलसी हाताळणारा, नोंदी काटेकोर लिहिणारा माणूस हवा असतो. डोंबिवलीच्या छोट्या कारखान्यात तोच केमिस्ट सॅम्पल काढतो, टायट्रेशन करतो आणि प्लँटवरही उभा राहतो. भिवंडीच्या डाइंगमध्ये शेड जुळवणं आणि ईटीपी सांभाळणं हेच काम. तिथे सीओडी काढायचा म्हणजे सांडपाण्याचा नमुना डायक्रोमेटबरोबर दोन तास उकळायचा, मग फेरोइनचा निळसर-हिरवा रंग विटकरी होईपर्यंत थेंब थेंब टायट्रेट करायचं. ज्याचा हात यात बसलाय, त्याने ते अर्जाच्या पहिल्याच ओळीत लिहावं. नुसतं ‘फ्रेशर’ लिहून काय कळणार?

यावर घरचे म्हणतात, दारात गोदामं आहेत, पगारही बरा, मग वसईला गाडी बदलून तारापूरच्या नोकरीसाठी बोईसर गाठायचं कशाला? घराला आज पैसा लागत असेल तर हे म्हणणं खोटं नाही. पण गोदामातली दोन वर्षं प्रयोगशाळेचा अनुभव म्हणून कोणी धरत नाही. औषध नियम १९४५ बघा : औषधनिर्मितीवर देखरेख करणारा तज्ज्ञ म्हणून बी.एस्सी.वाल्याला पदवीनंतर औषधनिर्मितीतलाच तीन वर्षांचा अनुभव लागतो. प्रवासाची अडचण मात्र खरी आहे. वसई-दिवा मार्गावर गाड्या मोजक्या, त्यामुळे तीन ते अकराच्या पाळीतून खारबावला परतायचं कसं, हे होकार देण्याआधी ठरवावं. बोईसरला खोली घ्यावी लागली तर तिचं भाडं पगारातून वजा करूनच आकडे ताडावेत. दुसरी गोष्ट कारखान्यांतल्या स्फोटांची. डोंबिवलीत मे २०१६ आणि मे २०२४ मध्ये अशा स्फोटांत माणसं गेली, ती भीती हसण्यावारी नेऊ नये. रिॲक्टरवर पाठवण्याआधी प्रशिक्षण कोण देणार, हे मुलाखतीतच विचारावं, आणि उत्तर टाळलं तर ती जागा सोडावी.

सगळ्यात जपायचा तो नेमणुकीचा कागद. पत्र कंपनीचं की कंत्राटदाराचं, हुद्दा ‘ट्रेनी केमिस्ट’ की ‘हेल्पर’, रुजू झाल्याची तारीख कोणती, हे सही करण्यापूर्वी वाचावं आणि प्रत त्याच दिवशी घरी आणावी.