उशिरा मागितलेला कागद

चि. बाळास,

नेवाशाच्या वाटपाच्या दाव्यात पुढच्या तारखेला सरतपास, आणि आजोबांच्या काळचं मोडी वाटणीपत्र थोरल्या भावाकडे असल्याचं वादी बाईंना आत्ता कळलं, हे तुझ्या पत्रात वाचलं.

वेळ गेली म्हणून गप्प बसू नकोस. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 11, नियम 14 खाली दावा चालू असेपर्यंत कोर्ट केव्हाही कागद हजर करायला लावू शकतं. पण साहेब पहिल्यांदा विचारतील, मुद्दे निघाले तेव्हा कुठे होता? याचं उत्तर अर्जातच शपथेवर दे. लग्न होऊन सासरी गेलेल्या बहिणीच्या हाती घरचे दस्त कोण देतं? माहिती कुणी दिली, कोणत्या तारखेला, हे स्पष्ट लिही. 'नजरचुकीने राहून गेले' असलं छापील वाक्य घालू नकोस. त्याने खऱ्या अडचणीवरही संशय येतो.

'सर्व जुनी कागदपत्रे' असं तर मागूच नकोस. एकच दस्त, अंदाजे साल, कुणाकुणात झाला, कोणत्या मुद्द्याला लागतो, एवढं पुरे. त्या दस्तात सर्व्हे नंबर असतील आणि आजच्या सातबारावर गट नंबर. ते जुळवायला एकत्रीकरण योजनेचा उतारा भूमी अभिलेख कार्यालयातून आणि जुने फेरफार तहसीलच्या अभिलेख कक्षातून स्वतः काढ. जी नक्कल अर्ज करून मिळते, तिच्यासाठी कोर्टाला कामाला लावायचं नाही.

सोबत दस्त हजर करण्याची नोटीसही दे. भावाने मूळ दस्त दाबून ठेवला, तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 60 प्रमाणे दुय्यम पुराव्याची वाट मोकळी राहते. बाईंकडे त्या दस्ताची झेरॉक्स असेल, तर तिला तेव्हाच किंमत. मोडी वाचणाऱ्याचं नाव साक्षीदारांच्या यादीत घालायची परवानगी त्याच दिवशी माग; लिप्यंतर नुसतं जोडून भागत नाही.

सुप्रीम कोर्टाचा 2020 चा सुगंधी विरुद्ध पी. राजकुमार हा निकाल जवळ ठेव. तिथे प्रतिवादीने स्वतःचे कागद उशिरा दाखल करायला परवानगी मागितली होती, म्हणजे आपला प्रश्न तोच नव्हे. समोरच्याचं गंभीर नुकसान होत नसेल, तर प्रक्रियेपायी न्याय अडू नये, एवढ्यापुरताच तो दाखव. भावाच्या वकिलांना अर्जाची प्रत तारखेआधी पोचव, म्हणजे म्हणणे द्यायला ते मुदत मागणार नाहीत. बाईंची ही तारीख वाया जाता कामा नये.

मसुदा रविवारी घेऊन नगरला ये.

तुझा,
मामा