पर्वतावरील सीमारेषा : चिली व अर्जेन्टिना

उद्देश : ‘पर्वत ही दोन देशांमधील नैसर्गिक सीमा होय’ हे वाक्य विद्यार्थी सहज पाठ करतात. परंतु पर्वताला रुंदी असते, रेषेला नसते. मग रेषा नेमकी कोठे ओढावयाची? हा प्रश्न विद्यार्थ्यांच्या मनात उत्पन्न करणे, हा या पाठाचा उद्देश आहे.

पूर्वज्ञान : सह्याद्री हा जलविभाजक आहे, हे विद्यार्थ्यांस ठाऊक असते. कळसूबाई हे त्याचे महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर. पण त्याच्या उत्तरेचे पाणी दारणेस व दक्षिणेचे प्रवरेस मिळते, आणि दोन्ही नद्या गोदावरीसच मिळतात. म्हणजे सर्वांत उंच शिखर मुख्य जलविभाजकावर असतेच असे नाही. पाठाचा प्रारंभ येथून करावा.

विषयविवेचन : दक्षिण अमेरिकेत चिली व अर्जेन्टिना यांच्यामध्ये अँडीज पर्वत उभा आहे. १८८१ च्या तहात, पाणी विभागणाऱ्या सर्वोच्च शिखरांवरून सीमा जावी, असे ठरले. उत्तरेकडे शिखरे व जलविभाजक बहुतांशी एकत्र असल्याने या शब्दांनी फारशी अडचण आली नाही. दक्षिणेस पॅटागोनियात मात्र प्राचीन हिमनद्यांनी उंच रांगा ठिकठिकाणी चिरल्या आहेत. तेथे कित्येक नद्या शिखरांच्या पूर्वेस उगम पावून, रांग भेदून पॅसिफिक महासागरास मिळतात. अर्जेन्टिना म्हणे, ‘शिखरे प्रमाण’; चिली म्हणे, ‘पाणी प्रमाण’. एकाच वाक्याचे दोन अर्थ झाले आणि दोन्ही देश युद्धनौका जमवू लागले.

अखेर वाद ब्रिटनच्या लवादाकडे गेला. हिंदुस्थानच्या वायव्य सरहद्दीवर मोजणीचे काम केलेले सर थॉमस होल्डिच यांनी १९०२ साली प्रत्यक्ष प्रदेश पाहिला. एका दरीतील पाणी चिलीकडे वाहत होते. वस्ती मात्र अर्जेन्टिनातून आलेल्या वेल्श शेतकऱ्यांची होती. ३० एप्रिल रोजी ते गावच्या शाळेत जमले व आपणांस अर्जेन्टिनातच राहावयाचे आहे, असे त्यांनी सांगितले. त्याच वर्षीच्या निवाड्यात ती दरी अर्जेन्टिनास मिळाली. राजा सातवा एडवर्ड याने दिलेल्या या निवाड्यात कोणताही एक दावा पूर्णपणे मान्य झाला नाही. वादग्रस्त प्रदेशापैकी सुमारे ५४,००० चौ. कि. मी. चिलीस व ४०,००० चौ. कि. मी. अर्जेन्टिनास मिळाला. याच वर्षी उभय देशांनी नौदलावर मर्यादा घालण्याचा करार केला, आणि १९०४ साली सीमेवरील एका उंच खिंडीत ख्रिस्ताचा पुतळा उभारला. तरी सर्व प्रश्न मिटले नाहीत. एका सरोवराच्या परिसराचा निर्णय १९९४ साली लागला. दक्षिणेकडील हिमक्षेत्राविषयी १९९८ साली करार झाला, परंतु त्यानंतरही सीमेचा काही भाग आखावयाचा राहिला.

कृती : अंगणात ओल्या मातीच्या दोन समांतर रांगा कराव्यात, पश्चिमेची उंच, पूर्वेची ठेंगणी. उंच रांगेस एक खिंड पाडून मधल्या खोलगट भागात पाणी ओतावे. पाणी खिंडीतून पश्चिमेस जाईल. नंतर एका गटाने शिखरांवरून व दुसऱ्याने जलविभाजकावरून दोरा ठेवावा. दोन दोऱ्यांमधील जमीन हीच वादाची जमीन, हे विद्यार्थी स्वतःच सांगतील. तेथे दोन खडे ठेवून, ‘ही घरे कोणाची?’ असे विचारावे. उत्तर देण्याची घाई करू नये.

स्वाध्याय :
१. तहातील वाक्य वादास कारण का झाले?
२. नकाशा व तह हाती असूनही प्रत्यक्ष पाहणी का आवश्यक ठरली?
३. आपल्या गावाच्या शिवेवरील खुणा वडीलधाऱ्यांस विचारून लिहून आणा.