खानदेशातल्या लॉनला चुना नको

आषाढ-श्रावणात नवापूरकडे झड लागली की लॉनवर शेवाळ धरतं. नंदुरबार-शहाद्यापेक्षा इकडे पाऊस जास्त, त्यात जमीन काळी, चिकण. पाणी वरच थांबतं. आमच्या घरामागे उत्तरेच्या भिंतीलगत आंब्याच्या सावलीत हरळी विरळ होत गेली आणि तिच्या जागी हिरवागार मऊ थर बसला. कानबाईला घर पाहुण्यांनी भरलेलं असताना मावससासूबाई त्यावरून घसरल्या आणि त्यांचं मनगट मोडलं. तेव्हापासून हा विषय मी मनावर घेतला आहे.

दुकानात विचारलं की उत्तर ठरलेलं असतं: चुना टाका. कोकणातल्या आम्लधर्मी तांबड्या जमिनीत त्याला काही अर्थ आहे. आपली काळी जमीन मुळातच विम्लधर्मी, कितीतरी ठिकाणी चुनखडीयुक्त. शेजारच्या बंगल्यात असाच चुना पसरला. गवताची नवी पानं पिवळी पडली, शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या; चुन्यामुळे जमिनीतलं लोह गवताला मिळेनासं होतं, त्याचं हे लक्षण. शेवाळ होतं तिथेच राहिलं. म्हणून कळकळीनं सांगते, आधी माती तपासून घ्या. कोळद्याच्या कृषी विज्ञान केंद्रात चौकशी करा, आणि सामू सातच्या वर निघाला तर चुन्याचं नावही काढू नका.

मोरचूदही नको. शेवाळ मरतं, पण तांबं मातीत साचत जातं आणि गांडुळं संपतात. ज्या जमिनीत गांडूळ नाही ती आणखी घट्ट होते, म्हणजे पुढच्या पावसाळ्यात शेवाळ पुन्हा हजर.

नखाने शेवाळाचा तुकडा उचलून पाहा. सालीसारखा अलगद सुटतो. खाली गुळगुळीत, दाबलेली माती असते, कुबट वास येतो आणि गवताचं एकही मूळ दिसत नाही. शेवाळाला खरी मुळं नसतात. ते हरळीला हुसकत नाही, हरळीने सोडलेल्या जागेवर बसतं. तेव्हा विचारायचं ते हेच, की हरळी इथून का गेली?

आमच्याकडे कारणं तीन निघाली. ऊन पोचत नव्हतं, गच्चीच्या पन्हळीचं पाणी तिथेच पडत होतं आणि माळीदादा गवत अगदी बुडापर्यंत कापत होते. पन्हळीला पाइप जोडून पाणी चरात सोडलं. आंबे उतरल्यावर खालच्या फांद्या छाटल्या. गवत आता दीड-दोन इंच राखतो. जमिनीचं काम आखाजीनंतर, पाऊस पडण्याआधी करावं: हलकं पाणी देऊन वाफसा आला की पहारीने वीतभर अंतरावर भोकं पाडायची आणि त्यांत जाड वाळू व चाळलेलं शेणखत भरायचं. ओल्या काळ्या मातीत मात्र पाऊलसुद्धा टाकू नका. एकदा दबली की ती मोकळी व्हायला फार वेळ लागतो.

एवढं करूनही डाग राहिलेच तर हिराकस वापरा. चौरस मीटरला 10 ग्रॅम, लिटरभर पाण्यात विरघळवून, उघडीप असताना संध्याकाळी. काही दिवसांत शेवाळ काळं पडतं, मग दाताळ्याने ओढून काढायचं आणि मोकळ्या जागी लगेच हरळीच्या काड्या लावायच्या. जागा रिकामी ठेवली तर केलेलं सगळं वाया जातं. हातमोजे घाला, आणि फरशीवर शिंतोडा उडाला तर तिथल्या तिथे धुऊन टाका; वाळल्यावर तांबूस डाग निघत नाही.

भिंतीलगतच्या पट्ट्यात मात्र आम्ही गवताचा हट्टच सोडला. ऊन पोचतच नाही तिथे हरळी जगत नाही, कितीही खत घाला. तिथे खडी पसरली. येण्याजाण्याची वाट आता तिच्यावरून आहे.