जुन्या साखळी-ट्रॅक्टरची झीज : ओळख, मोजणी व उपाय

जमीन सपाट करणे, मोठे बांध घालणे आणि खोल नांगरट करून हट्टी तणांचा बीमोड करणे ही कामे चाकांच्या साध्या ट्रॅक्टरला सहसा झेपत नाहीत. तेथे साखळीचा ट्रॅक्टर उपयोगी पडतो. कांस गवताने ग्रासलेल्या मध्य भारतातील काळ्या जमिनी पुन्हा लागवडीखाली आणण्याचे काम स्वातंत्र्यानंतर केंद्रीय ट्रॅक्टर संघटनेने अशाच यंत्रांच्या बळावर हाती घेतले. आरंभी महायुद्धातून शिल्लक राहिलेले अमेरिकी ट्रॅक्टर वापरण्यात आले. पुढे १९४९ साली जागतिक बँकेने या कामाच्या यंत्रसामग्रीसाठी भारतास एक कोटी डॉलरचे कर्ज दिले.

अशा जुन्या यंत्राचे इंजिन नीट निगा राखल्यास दीर्घकाळ टिकते; परंतु जमिनीशी सतत घासणारा खालचा भाग त्याआधीच निकामी होतो. चालकांना हा भाग ‘अंडरकॅरेज’ या नावाने परिचित आहे. साखळीच्या यंत्राच्या एकूण दुरुस्तीखर्चापैकी निम्म्याच्या आसपास खर्च याच भागावर होऊ शकतो. यास्तव जुना ट्रॅक्टर विकत घेणाऱ्याने वा चालविणाऱ्याने इंजिनाचा आवाज ऐकण्याआधी साखळी तपासावी, हे श्रेयस्कर होय.

भाग व त्यांचे कार्य

साखळी ही लोखंडी कड्यांची बनलेली असते. कडीच्या एका टोकास पोकळ बुश घट्ट बसविलेला असतो व त्यातून शेजारच्या कडीची पिन जाते. साखळी वळते तेव्हा पिन बुशाच्या आत फिरते. कड्यांना बाहेरून पोलादी पट्ट्या, म्हणजे शू, बोल्टांनी जोडलेल्या असतात व त्यांवरील उभी धार जमिनीत रुतून पकड देते. मागील दातेरी चाक, म्हणजे स्प्रॉकेट, बुशांना रेटून साखळी ओढते. पुढील आयडलर तिला वळण देतो. खालचे रोलर यंत्राचा भार साखळीवर टाकतात व वरचे रोलर परतणाऱ्या साखळीस आधार देतात.

‘साखळी लांबली’ म्हणजे काय?

साखळी लांबली असे म्हटले जाते, तेव्हा लोखंड ताणले गेले असा समज होतो. तो बरोबर नाही. पिनेची बाहेरची व बुशाची आतील बाजू झिजते, सांधा सैल होतो आणि एका पिनेपासून दुसऱ्या पिनेपर्यंतचे अंतर वाढते. या अंतरास पिच म्हणतात. स्प्रॉकेटच्या दातांमधील अंतर मात्र ठरलेलेच राहते. दोहोंचा मेळ बिघडला की बुश दातांच्या खोबणीत न बसता टोकाकडे चढू लागतो. दात निमुळते व अणकुचीदार होतात, बुशाची बाहेरची बाजू घासते आणि अखेरीस जोराच्या कामात साखळी दातांवरून उडी घेते.

जुन्या यंत्रांतील साखळी बहुधा कोरडी असते. तिच्या पिनांवर तेल वा ग्रीस कधीही सोडू नये. तेलात वाळू व माती मिसळून सांध्यात कानशीसारखे घासणारे मिश्रण तयार होते व झीज अधिकच वाढते.

मोजणी कशी करावी

प्रथम साखळी स्वच्छ करावी. स्प्रॉकेटच्या दातात एक सुटी पिन अडकवून यंत्र हळू मागे घ्यावे, म्हणजे वरची साखळी ताठ होते. यंत्र थांबवून ब्रेक पक्का करावा. नंतर लागोपाठ चार कड्यांचे अंतर, पिनेच्या एका कडेपासून पाचव्या पिनेच्या त्याच कडेपर्यंत, पोलादी टेपने मोजावे. मुख्य जोडपिन या मापात येऊ देऊ नये.

समजा, नव्या साखळीचा पिच १७० मि.मी. आहे. चार कड्यांचे माप ६८० मि.मी. भरावयास हवे, ते ६९२ मि.मी. भरले. वाढ १२ मि.मी., म्हणजे दर सांध्यामागे ३ मि.मी. झाली. साखळीत ३६ कड्या असल्यास एकूण लांबी १०८ मि.मी.ने वाढली. ही वाढ निर्मात्याच्या पुस्तिकेतील मर्यादेशी ताडून पाहावी. कडीची उंची व बुशाचा बाहेरचा व्यासही याच वेळी मोजून नोंदवून ठेवावा.

कडी काढून टाकण्याचा घातक उपाय

साखळी फार सैल झाली व ताणण्याची सोय संपली की काही ठिकाणी एक कडी काढून टाकली जाते. त्यामुळे साखळी ताठ दिसते. परंतु उरलेल्या प्रत्येक सांध्यातील झीज तशीच राहते आणि स्प्रॉकेट पूर्ववत खात राहतो. जुने यंत्र घेताना दोन्ही बाजूंच्या कड्या मोजाव्यात व संख्या पुस्तिकेशी ताडावी. ती कमी भरल्यास नव्या साखळीचा खर्च धरूनच सौदा करावा. घेतलेले यंत्र पहिल्याच हंगामात उभे राहिले, तर कर्जाचा हप्ता चालू राहतो आणि बांधाचे काम मात्र पावसाळ्यापूर्वी अपुरे राहते.

ताण किती असावा

फार ताठ साखळी ही जलद झिजेचे मोठे कारण आहे. यंत्र थोडे पुढे चालवून, ब्रेक न लावता आपोआप थांबू द्यावे. वरचा रोलर व आयडलर यांवर सरळ पट्टी ठेवून मधला झोल मोजावा. पुस्तिका हाती नसल्यास सुमारे २५ ते ४० मि.मी. झोल जुन्या मध्यम यंत्रांस सामान्यतः योग्य समजावा. काळ्या चिकण मातीत काम असल्यास ती माती स्प्रॉकेटमध्ये भरून साखळी आपोआप ताठ होते. म्हणून तेथे ताण कामाच्या जागीच, भरलेल्या मातीसह तपासावा.

चालविण्याची रीत

वेगाने मागे जाणे टाळावे. त्या वेळी बुश व दात भाराखाली अधिक घासतात. नेहमी एकाच बाजूस वळू नये. उतारावर आडवे काम सतत केल्यास खालच्या बाजूचे रोलर व कड्या लवकर झिजतात. शक्य असल्यास उताराच्या दिशेने काम करावे. साखळी घसरत फिरत असल्यास भार कमी करावा. एका गावाहून दुसऱ्या गावी यंत्र डांबरी रस्त्याने चालवत न नेता ट्रेलरवरून न्यावे. खडकाळ जमिनीत गरजेपेक्षा रुंद शू वापरू नयेत. दिवसाचे काम संपताच माती काढावी. वाळलेली काळी माती दगडासारखी घट्ट होते व रोलर अडवते. अडकलेला रोलर एकाच बाजूने घासून सपाट होतो. तेल गळणाऱ्या रोलरचे सील त्वरित बदलावे.

वेळेवर करावयाचा उपाय

पिन व बुश एकाच बाजूने झिजतात. बुश फुटण्यापूर्वी किंवा आरपार झिजण्यापूर्वी दोन्ही अर्धा फेरा फिरवून पुन्हा बसविल्यास नवी बाजू कामास येते व साखळीचे आयुष्य पुष्कळ वाढते. त्याच वेळी डावा व उजवा स्प्रॉकेट एकमेकांच्या जागी बसविण्यासारखे असल्यास दातांचीही न झिजलेली बाजू वापरता येते. बुश एकदा फुटल्यावर हा उपाय उरत नाही. नवी साखळी अणकुचीदार दातांच्या जुन्या स्प्रॉकेटवर कधीही चढवू नये; ती अकाली नष्ट होते.

जिवाची खबरदारी

आयडलरमागील मोठी स्प्रिंग प्रचंड दाबाखाली असते. ती शेतावर उघडू नये. सुटल्यास माणसाचा प्राण जाऊ शकतो. ते काम योग्य साधने असलेल्या कार्यशाळेतच करावे. पिन घणाने ठोकताना पोलादाचे तुकडे उडतात, यास्तव डोळ्यांस चष्मा असावा. पिन काढताना साखळीचे टोक एकदम खाली कोसळते. त्या समोर कोणी उभे राहू नये.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी गावात येणाऱ्या भाड्याच्या वा सामाईक यंत्राच्या कामाचे तास, साखळीचे माप व झोल यांची वही ठेवण्यास मालकास प्रवृत्त करावे. हीच तपासणी साखळीवर चालणाऱ्या पोकलेन यंत्रासही बहुतांशी लागू पडते. मात्र त्याच्या साखळीच्या मर्यादा व ताणण्याची रीत पुस्तिकेनुसार पाळावी. वहीतील दोन मापांमधील फरक पाहिला, तर बुश फिरविण्याची वेळ केव्हा येणार याचा अंदाज कामाच्या हंगामाआधीच बांधता येतो.